खुर्ची तिकडं, मी हिकडं

लवणवस्ती, ता. पाथर्डी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

बिभीषण,

फोन उचलत न्हाईस म्हनून कागद लिहिते. चवथीपतोर शिकलेली हाय, अक्षर वाकडंतिकडं असंल, वाचून घे. आशीर्वाद शेवटाला लिहीन, द्यावा वाटला तर.

मी लगीन हून या घरात आले तवा धाकट्या दिराचं नाक मीच पुसत हुते. म्हनून तुला भावजी म्हनत न्हाई. सुप्याला कंपनीत लागलास, फ्लॅट घेतलास, तरी मला तू बिभीषणच.

काम येवढंच हाय. मला लाईटवर चालती ती चाकाची खुर्ची घ्यायचीय. घरात बसायची न्हाई, भाईर फिरायची. तू मोटारीच्या खात्यात काम करतोस म्हनून तुला इचारते. दुसरं कारन न्हाई.

पाय गेल्याचं आदिनाथनं सांगितलं असंल. तुजं रान वाट्यानं करतो तो, आन हितल्या बातम्या तिकडं न्यायचं काम बी करतो. टाचंत बाभळीचा काटा मोडला हुता. काट्यासाठी कोन दवाखाना करतं? अंगात साखर, पाय काळा पडला, नगरला गुडघ्याच्या वरून काढला. डावा. उजव्याचा गुडघा भार घेत न्हाई, म्हनून लाकडी पाय बसत न्हाई. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत टाकून टाकून खांदे गेल्यात, म्हनून हातानं चाक फिरवायची खुर्ची चालत न्हाई. रडगानं न्हाई लावलं. मोटार कशाला पायजे ते सांगितलं.

आता इचारायचं ते. हवेचं चाक घ्यावं का भरीव? हितं काटे लई. बॅटरी कोनती टिकती? लाईट कवा येती कवा जाती, त्याचा नेम न्हाई. चढाला मागं उलटती का? आन नांगरलेल्या रानातून जाईल अशी मोटार मिळती का?

शेवटचं कशासाठी इचारलं ते तुला कळलं. आमची वस्ती खालच्या अंगाला, डांबरी वर, मधी तुजं रान. मोजनीत गाडीवाट तुज्या हद्दीत गेली, तू ती नांगरलीस आन आमच्या अंगानं तार मारलीस. मागं ओढा, तिथं नुसता खडक. म्हनून माजा कल्याण मला पाठकुळी घेतो आन तुज्या तारेच्या कडंच्या बांधावरून वर नेतो. बांध म्हंजी एका पावलाचा. जखमेची पट्टी आन साखरेची सुई, दोन्ही डांबरीवरच्या उपकेंद्रात. पाठीवर एक तर पोर बसतं न्हाईतर लाकडं. मी दोन्हीतली न्हाई.

वाट मागत न्हाई. वाट मागता मागता तुजा दादा गेला. मी मोटारीचं इचारते. उत्तर दे.

चांगुणा


गौरी गेल्या त्या दिवशी

बिभीषण,

उत्तर आलं न्हाई. बरं. नगरला जाऊन सवताच बगून आले. कल्याण हुता, सून सुकन्या बी आली. म्हशी इकल्या. पैशाचं तुला सांगत न्हाई, मागत बी न्हाई.

दुकान कसलं, आरसा. फरशीत तोंड दिसत हुतं. टाय लावलेला एक पोरगा खुर्ची घिऊन गोल गोल फिरवाय लागला. "बघा आजी, कशी लोण्यासारखी चालते!"

मी म्हनलं, "बाळा, हितं तर तांब्या बी लोन्यासारखा चालंल. भाईर काढ तिला."

"बाहेर? बाहेर खडी पडलीय आजी."

"मंग बेस झालं. बैल घेताना दावनीला बांधलेला बगून घेतो का आमी? औताला लावून बगतो."

कल्याण हळूच म्हनला, "आये, जरा दमानं." सुकन्या तोंडाला पदर लावून हसत हुती. तिला हसू येतंय म्हंजी माजं बरोबर चाललंय.

पयली खुर्ची हलकी, घडीची. पोरगा म्हनला, "दोन माणसं सहज उचलतात. पायरी असो, खड्डा असो, काय टेन्शन नाही." कल्याणला लगीच आवडली. "आये, हीच घेऊ. बांधावरून मी आन सुकी उचलून नेऊ."

मी इचारलं, "आन दसऱ्यानंतर?"

कल्याणनं खुर्चीवरचा हात काढला. तुला फ्लॅटमधी राहून इसर पडला असंल म्हनून लिहिते. दसरा झाला का ऊसतोडीची टोळी हालती. कल्याण, सुकन्या, सगळी धडधाकट मानसं कारखान्याकडं. वस्तीवर राहनार मी, वाकलेली भागूबाई आन कुत्री. दोन मानसं सहज उचलत्यात म्हने. कोनती दोन? घडीची खुर्ची ही घरात उचलनारं हाय त्यांच्यासाठी हाय. मला न उचलायची पायजे.

दुसरी भाईर काढली, तिची पुढची चाकं बारकी. खडीत रुतली. पोरगा ढकलाय लागला. म्हनलं, "राहू दे, तुजा टाय आडकंल."

तिसरी मातूर खुर्ची म्हनावी अशी. काळी, भरीव रबराची जाड चाकं, मागं उलटू नये म्हनून दोन बारकी चाकं. खडीवरून गेली. गटारीच्या ढाप्यावर चढली. उजव्या हाताला एक कांडी असती. पुढं केली का पुढं जाती, मागं केली का मागं, सोडली का जाग्यावर उभी. तुज्या दादानं सुदिक माजं येवढं कवा आयकलं न्हाई.

मी तशीच रस्त्याच्या कडंनं चहाच्या टपरीपतोर गेले. कल्याण मागून पळत आला, "आये, थांब, आये." थांबले न्हाई. टपरीवाल्यानं इचारलं, "काय देऊ?" म्हनलं, "काय नको. आले हुते नुसती."

आन मंग त्या टायवाल्यानं इचारलं. "आजी, ही फार जड आहे हां. चार माणसांनाही उचलणार नाही. तुमच्याकडे रस्ता कसाय? डांबरी का मुरमाचा?"

कल्याण खाली बगाय लागला.

"रस्ता न्हाई," मी म्हनलं.

"म्हणजे?"

"हुता," कल्याण म्हनला.

पोरगं चांगलं हुतं, पन हसलं. "मग ही घेऊन काय करणार आजी?"

"तू खुर्ची दाव. रस्त्याचं मी बगते."

नांगरटीत कुठलीच खुर्ची चालत न्हाई म्हनला तो. म्हंजी तुला जे इचारलं हुतं त्याचं उत्तर मिळालं. आता तू न्हाई दिलंस तरी चालंल.

चांगुणा


सर्वपित्री आवस

बिभीषण,

तुजी खुर्ची पोचली. आदिनाथनं डोक्यावर घिऊन बांधावरून आनली. चकचकीत, हातानं ढकलायची, वरती तुजी चिठ्ठी. "वहिनी, घरात वापरायला."

आमचं घर तुला ठावं हाय. चुलीपासून दारापतोर. त्यात फिरून किती फिरू? उंबऱ्याला तिचं पुढचं चाक आडतं. आता तिच्यावर कोंबडी बसती. मऊ जागा सापडली तिला, अंडी द्याय लागली. परत न्यायची असंल तर मानूस पाठव, अंडी काढून देते.

तू खुर्ची पाठवलीस. वाट न्हाई पाठवलीस.

आज तुज्या दादाचं पान ठिवलं. कावळा लगीच शिवला. त्याचं काय आडलेलं न्हाई म्हंजी. जिता हुता तवा मातूर लई आडलं. तुज्या दारात दोनदा आला हुता तो सुप्याला, तुला ठावं. दुसऱ्या वक्ताला तुज्या बायकूनं चहा बी दारातच दिला. घरी आला आन मला म्हनला, "चहा गोड हुता." 

तो गेला त्या दिवशी तू आलास. सवता पक्कड घिऊन आलास आन तार सोडलीस. मड्याची वाट कुनी आडवत न्हाई, येवढी रीत तुला बी ठावी. सगळा गाव तुज्या रानातून खांदा देत गेला. मी दारातून बगत हुते. येवढ्या पायांनी ढेकळं फुटली, नांगरट सपाट झाली, चांगली पांढरी वाट उमटली. मला वाटलं, राहील आता. दादाच्या नावानं राहील.

तेरावं झालं. सकाळी बगते तर तार आवळलेली, आन आदिनाथचा ट्रॅक्टर रानात.

 भांडून काय करू? तुजं डोकं मला कळतं. रस्त्याकडंचं रान प्लॉटिंगवाल्याला द्यायचंय. मधून दुसऱ्याची वाट असली का गिऱ्हाईक मागं सरतं. लोकं म्हनत्यात, तहसीलला अर्ज कर, वाट मिळती कायद्यानं. मिळत असंल. पन केस उभी राहंल तवर मी आडवी हुईन.

मेल्यावर वाट मिळती ते मी डोळ्यांनी बगितलंय. मला जित्यापनी जायचंय. येवढाच फरक हाय, बिभीषण. येवढ्याच्यासाठी येवढे कागद.

चांगुणा


घटाची तिसरी माळ

बिभीषण,

हा कागद नीट वाच. तुज्या नावानं मी एक खोटं बोलले, ते तुला ठावं पायजे.

कल्याणनं टोळीच्या मुकादमाला सांगितलं, "औंदा मी न्हाई येत. आईला कोन बगनार?" मुकादम दारात आला, ओरडून गेला. उचल घेतलेली, हंगामाचे आगाऊ पैसे, ती काय परत पोटातून काढून देनार? सुकन्या रातभर जागीच. सकाळी भाकरी थापताना म्हनली, "मंग मी काय एकटी निम्मा ऊस तोडू?"

"तू बी राहा," कल्याण म्हनला.

"आन खायचं काय? आत्याबाईची खुर्ची?"

खरं हाय तिचं. कोयता म्हंजी नवराबायकू. एकानं तोडायचं, एकीनं मोळी बांधायची. एकट्या बाईला कुनी कोयता धरत न्हाई, एकट्या गड्याला बी न्हाई. कल्याण बसला तर दोघं बसली. त्यातून कल्याण तिच्यावर ओरडला, ती रडली, ताटं तशीच राहिली. ही सगळी माज्या एका पायाची करनी.

म्हनून मी म्हनलं, "भांडू नका. बिभीषणचा फोन आला हुता. वाट देतो म्हनला. तार काढून पयल्यावानी गाडीवाट करून देतो म्हनला, खुर्ची येती तवर."

कल्याण म्हनला, "काका म्हनला असं?"

"मंग काय मी सपान बगितलं? म्हनला, वहिनीनं लहानाचा मोठा केलाय."

बिभीषण, तो पोरगा रडला. माज्या पायाला नव्हता रडला, ह्याला रडला. म्हनला, "मला वाटलंच हुतं, काका मनानं वाईट न्हाई." लगीच मुकादमाकडं गेला. सुकन्या मातूर माज्याकडं बगत हुती. तिला कळलं असावं. ताटं उचलाय लागली. पोरगी शानी हाय.

खुर्ची ती जडच सांगितली. काळी. दुकानवाल्याला म्हनलं, टोळी गेल्यावर पाठव, दसऱ्याच्या आदी नको, गडबड असती. गडबड बिडबड काय न्हाई. कल्याणच्या म्होरं टेम्पो आला तर त्याला दिसंल ना, तार तशीच हाय ते. मंग तो जायचा न्हाई.

तुजं नाव मी फुकट चांगलं करून ठिवलंय. सांभाळ. तार काढायला पक्कड लागती, ती तुज्याकडं हायच.

चांगुणा


दसऱ्यानंतरचा मंगळवार

बिभीषण,

टोळी गेली. ट्रॅक्टर डांबरीवर उभे हुते. कल्याणनं जाताना मला पाठीवर घिऊन तारेपतोर आनलं. इचारलं, "आये, काका कवा काढनार तार?"

म्हनलं, "येतो म्हनलाय सुट्टी काढून. तू नीघ. ट्रॅक्टरवाला शिव्या देतोय."

परत खाली नेताना सुकन्यानं माज्या हातात तिचा मोबाईल दिला. "आत्याबाई, काय झालं तर सांगा. खरं सांगा." म्हनलं, "आगं जा." गेली.

आज टेम्पो आला. वरून हारन देत हुता. भागूबाई काठी टेकत तारेपतोर गेली आन तिथनंच भांडाय लागली. ड्रायव्हर म्हनला, "आजी, खाली कसं आणू? रस्ता कुठाय?" भागूबाई म्हनली, "तुज्या मालकाला इचार, मला काय इचारतो?" तिला वाटलं दुकानवाल्यानंच वाट बुजवली. ड्रायव्हर येकटा. ती खुर्ची चौघाला उचलत न्हाई, ते म्या सवता आयकलेलं. डांबरीवरच्या डेअरीवाल्यानं फळ्या लावल्या, दोघांनी ढकलत कशीबशी टेम्पोतून उतरवली आन त्याच्या पडवीत ठिवली. वर ताडपत्री टाकली.

मी दारात बसले हुते. हितून दिसती ती. ताडपत्री उडती वाऱ्यानं, तवा एक चाक दिसतं.

खुर्ची तिकडं, मी हिकडं, मधी तुजं रान.

आदिनाथ आला हुता. त्याला म्हनलं, "तार सोड." म्हनला, "काकू, माझ्या हातात असतं तर. मालकाला इचारतो." तुला फोन केला माज्या म्होरं. तू उचललास. त्याचा उचलतोस. बाजूला जाऊन बोलला आन माघारी आला, मान खाली. "मालक म्हनले, एकदा वाट दिली का कायमची हुती."

बरोबर बोललास. कायमचीच पायजे हुती.

पट्टी बदलायची राहिलीय. नर्सबाईनं रान तुडवत तारेपाशी येऊन हाका मारल्या, तिची काय चूक? तिला बांधावरून येता येत न्हाई, तारेखालून वाकता येत न्हाई, पोटुशी हाय. औषदं भागूबाईकडं दिली, भागूबाईला सुई टोचता येत न्हाई. जखमेला वास येतोय जरा. जास्ती न्हाई.

चांगुणा


उपकेंद्राच्या पडवीतून
शुक्रवार

बिभीषण,

हा कागद डेअरीवाल्याकडनं मागून घेतला. पाठीमागं दुधाचं छापलेलं हाय, तिकडं बगू नको.

मी वर आले.

कशी आले ते सांगते. खुरपायला बाया कशा बसत्यात? बसल्या जागी सरकत जात्यात, एक पाय मुडपून, हात टेकून. उभा जलम मी तशी रानं सरकलेय. त्याला दोन पाय लागत न्हाईत. खताचं पोतं बुडाखाली घेतलं आन सकाळी ऊन चढायच्या आदी निघाले. भागूबाईनं काठीनं खालची तार वर उचलून धरली. "चांगुणे, येडी झालीस का? मरशील," म्हनत हुती आन तार धरत हुती. तुजी तार तोडली न्हाई. खालून गेले.

रानात ज्वारी उगवून आलेली. आदिनाथची पेर चांगली झालीय, तासाच्या ओळी सरळ हायेत. माज्यानं कोंब मोडले, त्याचं वाईट वाटलं. तासाच्या मधून सरकायचा नाद केला, पन ढेकळं मोठी, पोतं आडकायचं. मधी थांबले. खांदे उचलंनात. तिथं मला वाटलं, संपलं. मंग मान वर केली तर ताडपत्री दिसली. ती दिसती तवर सरकू, असं म्हनून सरकले.

डांबरीवर पोचले तवा डेअरीवाला पळत आला. "चांगुणाकाकू! आओ, हाक मारायची ना!" म्हनलं, "हाक मारली असती तर उचलून आनलं असतंस. आता उचल, खुर्चीत बसव. तेवढंच उचल." त्यानं चार्जिंग करून ठिवलं हुतं. शाना मानूस.

कांडी पुढं केली. गेली, बिभीषण. डांबरीवरून गेली. शाळेपतोर गेले, पिंपळाच्या पारापतोर गेले. पारावर एक म्हातारा म्हनला, "काय चांगुणाबाई, गाडी घेतली!" म्हनलं, "तुमी बसा तिथंच. मी येते फिरून." मंग सवताच्या मनानं उपकेंद्रात आले, कुनी आनलं न्हाई.

नर्सबाईनं पट्टी सोडली आन तोंडाला हात लावला. टाका उसवलाय. माती गेलीय आत. जांघेपतोर लाल झालंय, मला कवाची थंडी वाजतीय ते त्याचंच असंल. लगीच नगरला न्यायचं म्हनती, गाडीला फोन केलाय. डॉक्टर काय करनार? परत वरून कापनार. कापू दे. कापायला राहिलंय किती?

सुकन्याच्या मोबाईलवर कल्याणचा फोन आला हुता. उसाच्या फडातून. "आये, काकानं तार काढली का?"

म्हनलं, "काढली."

"खुर्ची चालती का वाटनं?"

"मस्त चालती. तू ऊस तोड."

तुजं नाव अजून चांगलंच हाय त्याच्याजवळ. मी बदललं न्हाई. बदलायचं का न्हाई ते तू बग.

रानात माजी रेघ पडलीय. तुज्या तारेपासून डांबरीपतोर, ज्वारीतून, पोतं घासत आल्याची. आदिनाथ म्हनतो, कुळव घालून मोडून टाकतो. म्हनलं, मालकाला इचार आदी.

आशीर्वादाचं पयल्या कागदात लिहिलं हुतं. आता लिहावं म्हनते, पन हात उठत न्हाई. खांदा दुखतो म्हनून असंल.

नगरहून आले तर हितंच उतरीन, डेअरीच्या पडवीत, खुर्चीपाशी. खाली वस्तीवर जानार न्हाई. न्हाई आले तर तू सुट्टी काढायची गरज न्हाई. मसनवटा डांबरीच्या हिकडच्या अंगाला हाय. मी बी आता हिकडंच हाय. ह्या खेपेला तुला तार सोडावी लागायची न्हाई.

चांगुणा